सुरतेचा तह व साष्टी

श्रीमंत रघुनाथराव दादासाहेब यांनीं इ. स. १७७५ त सुरतेस इंग्रजांशीं तह करून पुणें दरबाराविरुद्ध त्यांचें साहाय्य मिळविलें, ही गोष्ट मराठ्यांच्या इतिहासाच्या सामान्य वाचकासही ठाऊक आहे. तिच्यावरचा निकालही बहुतेक लागून गेला आहे. दादांनीं घरचें भांडण परक्याच्या दारीं नेलें आणि त्याचें फळ राज्यास भोगावें लागलें, असा तो निकाल. तो खोटा आहे असें प्रस्तुत लेखकाचें म्हणणें नाहीं. परंतु निकाल लवकर लागला म्हणजे पुरावा तपासण्याचें काम मागें पडतें, तसें येथें झालें आहे. दादांनीं इंग्रजांस काय दिलें? तें देण्याचें सामर्थ्य त्यांस किती होतें? आणि इंग्रजांनीं तें दादांपासून घेतलें, कीं आधींच घेतलेल्या वस्तूवर दादांची सही करून घेतली? या तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर तारखांत आहे, आणि त्या तारखांचा रोंख एकाच स्थळाकडे जातो. तें स्थळ म्हणजे साष्टी.

पूर्वपीठिका थोडक्यांत सांगतों. ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. दादांनीं पेशवाईचीं वस्त्रें मिळविलीं खरीं, पण रामशास्त्र्यांनीं त्यांच्या माथीं मारलेला दोष पुसला गेला नाहीं. ते स्वारींत गुंतले असतांच सखारामबापू बोकील, नाना फडणीस, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके प्रभृति मुत्सद्द्यांनीं गंगाबाईंस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नांवानें कारभार हातीं घेतला. हेंच बारभाईंचें कारस्थान. १७७४ च्या मार्चांत पंढरपुराजवळ कासेगांवीं दादांनीं त्रिंबकरावांचा मोड केला, तेथपर्यंत त्यांची बाजू कांहीं हरली नव्हती. परंतु ता. १८ एप्रिल रोजीं गंगाबाईंस पुत्र झाला, आणि दादांच्या हक्काचा पायाच निखळला. मूल खरें नव्हे असें दादा पुढेंही सांगत राहिले. तें राज्यांतल्या थोर सरदारांस पटलें नाहीं, आणि इंग्रजांस पटण्या न पटण्याचें कारण नव्हतें. येथून पुढें दादा हे पेशवे राहिले नाहींत, पेशवाईवर हक्क सांगणारे एक पक्षपुढारी झाले. परराज्याशीं बोलणें करतांना हा फरक फार मोठा असतो. राज्य करणारा आपल्या ताब्यांतील वस्तु देतो. हक्क सांगणारा पुढें मिळेल त्या वस्तूचें वचन देतो.

घरच्या शत्रूविरुद्ध परक्याचें आरमार बोलावण्याची वाट दादांनीं प्रथम पाडली, असें मात्र कोणीं समजूं नये. त्यांचे वडील बंधु नानासाहेब यांनींच तुळाजी आंग्र्याचें पारिपत्य करण्याकरितां मुंबईकरांशीं करार केला होता. १७५५ त सुवर्णदुर्ग व १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचें आरमार जळालें, आणि बाणकोट इंग्रजांच्या पदरांत पडलें. त्या वेळीं मध्यवर्ती सरकारानें एका सरदाराविरुद्ध टोपीकरांस हाताशीं धरलें. वीस वर्षांनीं तोच सौदा उलट बाजूनें झाला. मुंबईकरांनीं दोन्ही वेळां आपल्या नफ्याचा हिशेब सारखाच ठेवला.

त्या हिशेबांत साष्टीचें स्थान पहिलें होतें. मुंबई बेटाच्या उत्तरेस लागून असलेली ही साष्टी मराठ्यांनीं १७३७ त पोर्तुगीजांपासून घेतली, आणि दोन वर्षांनीं वसईही घेतली. तेव्हांपासून मुंबईस धान्य, लाकूड व गुरें ज्या वाटेनें यावयाचीं ती वाट मराठ्यांच्या मुठींत गेली. साष्टी व वसई कांहीं तरी करून मिळवाव्या अशी कंपनीच्या डायरेक्टरांची बहुत दिवसांची इच्छा होती. १७७२ त टॉमस मॉस्टिन यास पुण्यास वकील म्हणून ठेवलें, त्याच्या कामांतही हा विषय मुख्य होता. नारायणरावांचा खून झाला तेव्हां मॉस्टिन पुण्यांतच होता. दरबारांत फूट पडत असतां ती जवळून पाहणारा आणि मुंबईस कळविणारा मनुष्य इंग्रजांपाशीं होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

१७७४ त दादांचें व मुंबईकरांचें बोलणें सुरू झालें, तें मुख्यत्वें सुरतेचा इंग्रज अधिकारी गॅंबियर याच्या मार्फत. या बोलण्याचा एक विशेष बहुधा विसरला जातो. दादा पैसा देण्यास तयार होते, गुजराथेंतला मुलूख देण्यास तयार होते, परंतु साष्टी व वसई देण्याचें त्यांनीं प्रथम साफ नाकारलें. चिमाजीअप्पांनीं एवढा रक्तपात करून मिळविलेली वसई त्यांच्याच पुतण्यानें कागदावर काढून द्यावी, हें दादांसही अवघड वाटलें असल्यास नवल नाहीं. अटकेपर्यंत घोडीं नेणाऱ्या या पुरुषाच्या ठायीं दोष पुष्कळ होते, पण आपण काय देत आहों हें न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांचा नकार हा इतिहासांतला पुरावा आहे, आणि दादांवर लिहिणाऱ्यांनीं तो जमेस धरला पाहिजे.

मुंबईकरांनीं त्या नकाराचें उत्तर तहानें दिलें नाहीं. पोर्तुगीजांचें आरमार साष्टी-वसई परत घेण्यास येत आहे अशी बातमी होती. तें निमित्त पुढें करून गव्हर्नर हॉर्नबी याच्या कौन्सिलानें ठाण्यावर फौज पाठविली आणि १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला चढून घेतला. हल्ल्यांत इंग्रजांचा आरमारी अधिकारी वॉटसन पडला. पाठोपाठ सारी साष्टी त्यांच्या अमलाखालीं गेली. या वेळीं पुणें दरबाराशीं इंग्रजांचें युद्ध नव्हतें आणि दादांशीं तह नव्हता. म्हणजे साष्टी घेतली ती दादांची म्हणून नव्हे, दादांच्या संमतीनेंही नव्हे. राज्यांत दुही आहे एवढाच तिचा आधार होता.

आतां दादांची स्थिति पाहावी. १७७५ च्या आरंभीं ते गोविंदराव गायकवाडांच्या भरंवशावर गुजराथेंत होते. आनंदीबाई धार येथें राहिल्या होत्या, आणि तेथेंच जानेवारींत त्यांस बाजीराव हा पुत्र झाला. फेब्रुवारींत महीच्या कांठीं हरिपंत फडक्यांनीं दादांस गांठून त्यांचा पुरा मोड केला. थोड्याशा लोकांनिशीं दादा खंबायतेस पळाले, तेथील इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट यानें त्यांस भावनगरास पोंचतें केलें, आणि तेथून समुद्रमार्गें ते महिनाअखेर सुरतेस उतरले. हाच मॅलेट पुढें पुण्यास रेसिडेंट झाला. मार्चच्या पहिल्या आठवड्यांत सुरतेचा तह झाला. लढाईनंतर तहास तीन आठवडेसुद्धां लागले नाहींत, हें ध्यानीं घेतलें म्हणजे तहाचीं कलमें कोणत्या हातांनीं लिहिलीं गेलीं याविषयीं संशय राहात नाहीं.

कलमें अशीं कीं, इंग्रजांनीं अडीच हजारांपर्यंत फौज द्यावी, तिच्या खर्चास दादांनीं दरमहा दीड लाख रुपये द्यावे, आणि तारण म्हणून सहा लाखांवर किमतीचें जवाहीर गहाण ठेवावें. वसई व साष्टी त्यांच्या तालुक्यांसह कायमच्या द्याव्या, गुजराथेंत जंबुसर व ओलपाड द्यावे, अंकलेश्वरच्या वसुलांतून सालीना पंचाहत्तर हजार लावून द्यावे, आणि भडोचच्या उत्पन्नांतील गायकवाडाचा हिस्सा इंग्रजांस मिळवून द्यावा. यांत दादांच्या प्रत्यक्ष हातांत होतें तें जवाहीर, आणि तेवढेंच इंग्रजांनीं रोख ठेवून घेतलें. वसई दरबाराच्या ताब्यांत होती. गायकवाडाचा हिस्सा गायकवाडाचा होता. साष्टी इंग्रजांनीं दोन महिन्यांमागेंच घेतली होती. पेशव्यांची खरी सनद दादांस देतां येत नव्हती, परंतु पेशवे म्हणविणाऱ्या पुरुषाची सही देतां येत होती, आणि मुंबईकरांस तेवढी पुरेशी होती. बळजोरीनें घेतलेल्या बेटास तिनें देणगीचें रूप आलें. दादांच्या पक्षाचें खरें मोल त्यांच्या फौजेंत किंवा त्यांच्या न्याय्य हक्कांत नव्हतें. तें या सहींत होतें, आणि ती झाल्यावर तें उतरत गेलें.

कर्नल कीटिंग दादांस घेऊन निघाला व १७७५ च्या मे महिन्यांत अडासास लढाई झाली, इत्यादि वृत्तांत प्रसिद्ध आहे. कीटिंगबरोबर असलेल्या जेम्स फोर्ब्सनें आपल्या ग्रंथांत तो डोळ्यांनीं पाहिल्यासारखा दिला आहे. आपल्या प्रश्नास त्याहून महत्त्वाची गोष्ट कलकत्त्यास घडली. १७७३ च्या कायद्यानें युद्ध व तह यांवर कलकत्त्याच्या कौन्सिलाची देखरेख आली होती, आणि मुंबईकरांनीं तिला न विचारतां सही केली होती. वॉरन हेस्टिंग्ज व त्याचे प्रतिपक्षी कौन्सिलर यांचें एकमेकांशीं कधींच पटत नसे, पण मुंबईकरांनीं अधिकाराबाहेर जाऊन वाईट काम केलें याविषयीं त्यांचें एकमत पडलें. फौजा थांबवाव्या असा हुकूम सुटला, आणि कर्नल अप्टन यास थेट दरबाराकडे पाठविण्यांत आलें. परक्याचा आश्रय घेणाऱ्यानें तो परका एक आहे कीं अनेक, हें आधीं पाहावें लागतें. दादांस मुंबईकर हेच इंग्रज वाटले. नाना फडणिसांनीं मात्र मुंबई व कलकत्ता यांतली फट फार लवकर ओळखली.

तथापि पुरंदरच्या तहाची जी कीर्ति सांगितली जाते तीही थोडी तपासून घ्यावी. अप्टन आला तो साष्टीबरोबर वसईही मागत, आणि दरबार मागत होता दादांचा देह. बोलणें फिसकटलें, कलकत्त्यानें पुन्हां लढाईची तयारी आरंभिली, आणि मग ता. १ मार्च १७७६ रोजीं तह ठरला. सुरतेचा तह रद्द, दादांस इंग्रजांचा आश्रय नाहीं, त्यांनीं कोपरगांवीं राहावें व दरमहा पंचवीस हजार घ्यावे. हें सगळें दरबाराच्या मनाजोगतें झालें. पण लढाईच्या खर्चाबद्दल बारा लाख रुपये दरबारानें कबूल केले आणि साष्टी इंग्रजांकडे ठेवली. दादांनीं साष्टी दिली ती दरबाराविरुद्ध फौज मिळविण्यासाठीं. दरबारानें साष्टी दिली ती दादांची फौज काढून घेण्यासाठीं. देणारे दोन, दोघेही एकमेकांचे वैरी, घेणारा एकच.

दादांनीं हा तह मानला नाहीं. मुंबईकरांनींही मनापासून मानला नाहीं. त्यांनीं दादांस आधीं सुरतेस, मग मुंबईस ठेवून घेतलें, आणि इतक्यांत विलायतेहून डायरेक्टरांची सुरतेच्या तहास संमति आल्यानें त्यांस बळ चढलें. कलकत्त्याचा निकाल विलायतेहून फिरूं शकतो, हें दादांस येथें कळलें असलें पाहिजे. मुंबईवर कलकत्ता, कलकत्त्यावर लंडन, आणि कंपनीवर बादशाहा व पार्लमेंट, अशी ती चढती भांजणी होती. तिचा शेवटचा पायरी गांठण्याचा प्रयत्न म्हणून दादांनीं आपले वकील थेट इंग्लंडास रवाना केले. हनुमंतराव नांवाचा ब्राह्मण आणि मणियार रतनजी हा पारशी, त्याच्या पुत्रासह, असे ते वकील. १७८१ त ते विलायतेंत होते. मराठी राजकारणांतला एक पक्ष आपली फिर्याद घेऊन इंग्लंडच्या राजधानींत गेल्याचें हें पहिलेंच ठळक उदाहरण. साताऱ्याच्या छत्रपतींतर्फें रंगो बापूजी गेले ते त्यानंतर सुमारें साठ वर्षांनीं.

या वकिलातीची हकीकत आपल्याकडे फारशी वाचली गेलेली नाहीं. लंडनांत त्यांचे हाल झाले. हनुमंतरावास सोंवळ्यानें स्वयंपाक करण्यास जागा मिळेना. त्यांस आश्रय दिला तो एडमंड बर्क यानें; आपल्या बीकन्सफील्ड येथील घरीं नेऊन झाडें ठेवण्याचें कांचगृह त्यानें त्यांस स्वयंपाकास मोकळें करून दिलें. दादांस पाठविलेलें बर्कचें पत्रही उपलब्ध आहे, आणि हनुमंतरावानें आपला आचार न सोडतां सोसलेल्या कष्टांबद्दलचा आदर त्यांत व्यक्त झाला आहे. राजकारणाच्या दृष्टीनें वकिलातीस फळ आलें नाहीं. हिंदुस्थानांत त्या वेळीं दादांच्या नांवानें सुरू झालेली लढाईच इंग्रजांस नकोशी झाली होती. तेव्हां त्या लढाईचें निमित्त असलेल्या पुरुषाची दाद कोण घेणार? बर्कनेंही दिली ती माणुसकी. दादांच्या हक्काची तरफदारी त्यानें कांहीं केली नाहीं.

परत आल्यावर त्यांच्या प्रायश्चित्ताची एक कथा विल्फर्ड यानें एशियाटिक रिसर्चेस या ग्रंथमालेंत दिली आहे. सोन्याची योनि करून तींतून त्यांस काढलें व नवा जन्म झाल्याचें मानून ज्ञातींत घेतलें, अशी ती कथा. विल्फर्ड दोन ब्राह्मण गेल्याचें लिहितो. बर्कच्या घरीं राहिलेला ब्राह्मण एकच, सोबतचे पारशी. हा विल्फर्ड म्हणजे आपल्या पंडितानें पोथ्यांत फेरफार करून आपणांस फसविल्याचें पुढें स्वतःच छापून कबूल करणारा गृहस्थ, हें विसरतां कामा नये. प्रायश्चित्त झालें असणें अगदीं संभवनीय आहे; त्याचा तपशील मात्र मराठी कागदाचा आधार मिळेपर्यंत विल्फर्डच्या शब्दावर घेऊं नये.

दरबारानेंही परराज्याचें पान खेळून पाहिलें होतें. १७७७ त सें लुबें हा फ्रेंच गृहस्थ चौलास उतरून पुण्यास आला व नानांनीं त्याचा मोठा सत्कार केला. त्याच्यामागें फ्रान्सचें बळ किती आहे, याविषयीं नानांची फार समजूत होती असें दिसत नाहीं. परंतु मुंबईकरांस झोंप येऊं नये एवढ्या कामास तो उपयोगी पडला, आणि तें काम होतांच पुढल्या सालीं त्याची रवानगी झाली. त्याच सुमारास अमेरिकेंतील वसाहतींचा वकील फ्रॅंक्लिन पॅरिसांत फ्रान्सची मदत मागत होता आणि १७७८ च्या फेब्रुवारींत ती त्यास तहानें मिळाली. दोन्ही उदाहरणें एका काळचीं म्हणून तुलना सुचते. अमेरिकनांपाशीं त्यांची स्वतःची सभा होती, मुलूख ताब्यांत होता, आणि आदल्या वर्षीं साराटोगा येथें त्यांनीं इंग्रजांची एक सबंध फौज शरण आणली होती. आश्रय मागण्यापूर्वीं त्यांनीं बळ दाखविलें. दादा आश्रयास गेले ते पराभवाच्या तिसऱ्या आठवड्यांत.

पुढचा वृत्तांत सर्वविदित आहे. १७७९ च्या जानेवारींत दादांस पुण्याच्या गादीवर बसविण्यास निघालेली मुंबईची फौज तळेगांवाहून मागें फिरली, वडगांवास कोंडली गेली, आणि १७७३ पासून घेतलेलें सर्व, साष्टीसुद्धां, परत देण्याचा करार तिच्या अधिकाऱ्यांनीं करून दिला. दादा महादजी शिंद्यांच्या स्वाधीन झाले. साष्टी कागदावर परत आली ती एवढ्या एकाच वेळीं, आणि तो कागद मुंबई व कलकत्ता दोघांनींही मानला नाहीं. झांशीकडे नेत असतां दादा नर्मदेच्या वाटेवरून निसटले आणि पुन्हां गुजराथेंत, मराठी कागदांत 'गाडर' म्हणून येणाऱ्या जनरल गॉडर्डच्या छावणींत, दाखल झाले. १७८० च्या डिसेंबरांत गॉडर्डनें वसई घेतली. १७८२ च्या मे महिन्यांत महादजींच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह झाला, त्यानें वसई दरबारास परत मिळाली, दादांस पुन्हां दरमहा पंचवीस हजारांचा तनखा ठरला, आणि साष्टी इंग्रजांकडे राहिली. सात वर्षांचें युद्ध करून दादांच्या पदरांत पडलें तें पुरंदरास देऊं केलेलेंच. १७८३ च्या डिसेंबरांत कोपरगांवानजीक त्यांचा अंत झाला.

आतां जुने कागद बाळगणाऱ्या व शोधणाऱ्या मंडळींशीं थोडें बोलावयाचें आहे. या प्रकरणाचा मोठा भाग आपण दोनच बाजूंनीं पाहतों : एक पुण्याची बाजू, पेशवे दप्तरांतून व खरेशास्त्र्यांनीं छापलेल्या पटवर्धनी पत्रांतून, दुसरी मुंबईकरांची, फॉरेस्टनें छापलेल्या कौन्सिलाच्या कामकाजांतून. दादांचा कारखाना फिरता होता. सुरत, मुंबई, गॉडर्डची छावणी, कोपरगांव अशी ज्याची वणवण, त्याचे कागद कारकुनांच्या व आश्रितांच्या घरीं विखुरणें साहजिक आहे. म्हणून गोदाकांठच्या व गुजराथेंतल्या जुन्या रुमालांत दादांच्या पक्षाचें एखादें चिटोरें निघालें तर तें किरकोळ समजून टाकूं नये.

मात्र तारीख लावतांना सावध राहावें. ठाणें पडलें तें आणि सुरतेचा तह झाला तो, दोन्ही सुहूर सन ११७५, म्हणजे खमस सबैन मया व अलफ, यांतच येतात. शकही दोहोंचा १६९६ च. अडासची लढाईदेखील त्याच सुहूर सनांत पडते. तेव्हां नुसत्या सनावरून एखादें पत्र साष्टी जाण्याच्या आधींचें कीं मागाहूनचें हें ठरणार नाहीं, आणि या प्रकरणांत तर सारा प्रश्न तोच आहे. चंद्र पाहावा. ठाणें पडलें तें सवालाच्या उत्तरार्धांत, तह झाला तो मोहरमाच्या आरंभीं. मधले जिल्काद व जिल्हेज हे दोन महिने म्हणजे साष्टी इंग्रजांकडे आहे व दादांची सही अजून नाहीं, असा काळ. या दोन महिन्यांतील पत्राचें मोल विशेष. चंद्र फाटून गेला असेल तर मजकुरांत हरिपंतांच्या मुक्कामाचा किंवा महीच्या लढाईचा उल्लेख सांपडतो का, हें पाहावें. पत्रांत 'ठाणें घेतलें' असें असलें कीं तें साष्टींतलेंच ठाणें असें धरूं नये, कारण कोणत्याही चौकीस तोच शब्द आहे. आणि नुसतें 'साष्टी' आढळल्यास ती मुंबईशेजारची कीं गोंव्याची, हें भोंवतालच्या गांवांच्या नांवांवरून ठरवून मगच नक्कल करावी.